‘रिबिल्ट’ हरिकेन इंजिनाचे १,२०,००० रुपये आणि रंगाखालचा चिरलेला ब्लॉक

आधी आकडे. इंजिनाचे १,२०,००० रुपये. ट्रकभाडं ८,४००. चेन ब्लॉक आणि उतरवायला दोन माणसं, १,२००. गॅस्केट सेट २,६५०. ऑइल १,९००. लेथवाल्याकडून मापं घेऊन लेखी आणायचे १,५००. एकूण १,३५,६५० रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

गाडी महिंद्राची एफसी-१५०, मॉडेल १९६८. केबिन पुढे, मागे हौदा, इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. आधीच्या मालकाने पेट्रोल इंजिन काढून एक्सडीपी ४.९० डिझेल बसवलं होतं. चालू डिझेल काढलंच कशाला, असं विचारणारे भेटतात, म्हणून कारण सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, व्यापारी वापरात नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण गाडी मूळ रूपात असावी लागते. डिझेल टाकलेली एफसी मूळ रूपातली नव्हे. म्हणून मूळचं एफ-१३४ हरिकेन हवं होतं: चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व हेडमध्ये (वरच्या झाकणात) आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये (सिलिंडरांच्या मुख्य ओतकामात).

व्यापारी परराज्यातला. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. त्याने सांगितलेलं शब्दश: असं: बोअर स्टँडर्ड, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक फक्त दहा अंडर, हेड काढून प्लेन केलं, व्हॉल्व सीट नव्या, हेड गॅस्केट नवं. ‘स्टँडर्ड बोअर’ म्हणजे सिलिंडर अजून मूळ मापाचा, आणि ‘दहा अंडर’ म्हणजे क्रँक मूळ मापापेक्षा दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासून बारीक केलेला. टोकन ११,००० घेतलं. पाठवण्याआधी ७४,०००. गाडीत चढवल्यावर ३५,०००, आणि ते ‘भावाच्या’ खात्यावर, कारण म्हणे त्याच्या खात्याची मर्यादा संपली होती. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला इथेच कळलं असेल. मलाही कळायला हवं होतं. पण किंमत बाजारापेक्षा कमी नव्हती. स्वस्तात देत असता तर मी लगेच सावध झालो असतो. योग्य भाव मागणारा माणूस खोटं बोलत असेल असं वाटत नाही, आणि नेमकं तेच त्याला ठाऊक होतं.

मोठ्या रकमेच्या आधी मात्र एक क्षण आला होता, आणि त्याचा राग अजून उतरत नाही.

या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नसतो, तो हेडच्याच ओतकामात असतो. हेडच्या बोल्टांपैकी एक बोल्ट कार्ब्युरेटरखालच्या भोकात, आतल्या बाजूला असतो. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, आणि तो काढल्याशिवाय हेड हलत नाही. ज्याने हे इंजिन एकदा खोललंय त्याला हे पाठ असतं, कारण पहिल्या वेळी प्रत्येक जण तो बोल्ट विसरतो आणि पहारीने हेड उचकटू बघतो. म्हणजे हेड खरंच काढलं असेल तर कार्ब्युरेटर निघालेला असणार, त्याच्या बुडाच्या नटांवर पान्याच्या खुणा असणार, खालचं गॅस्केट नवं असणार.

व्यापाऱ्याने नऊ फोटो पाठवले. सातव्या फोटोत कार्ब्युरेटरचं बूड स्वच्छ दिसत होतं. नटांवर जुन्या रंगाचे थर, त्यावर नवा हिरवा. गॅस्केटची कड तपकिरी, तेल पिऊन कडक झालेली. मी फोटो मोठा करून पाहिला. मला दिसलं. आणि मी मनात म्हटलं, जुनंच गॅस्केट परत वापरलं असेल. नवं हेड गॅस्केट टाकणारा माणूस कार्ब्युरेटरखालचं वीस-तीस रुपयांचं गॅस्केट वाचवतो का? हा प्रश्न त्याच मिनिटाला विचारला असता तर ११,००० वर सुटलो असतो. त्या संध्याकाळी ‘दुसरं गिऱ्हाईक’ येणार होतं, आणि चांगलं हरिकेन रोज मिळत नाही. कारण म्हणून एवढंच आहे.

त्याने चालू इंजिनाचा व्हिडिओही दिला होता. ४० सेकंदांचा, थंड इंजिनाचा, ऑइल प्रेशर ४० दाखवणारा. थंड इंजिनाच्या प्रेशरला काहीही अर्थ नाही. व्हिडिओ मागायचा तर २० मिनिटांचा, न कापलेला, सुरुवात इंजिन नंबरापासून, पाणी जोडलेलं, शेवटी गरम इंजिन आयडलला आणून गेज दाखवलेला. कोणी याला नाही म्हणालं तर बोलणं तिथंच थांबवा.

इंजिन आल्यावर पहिल्यांदा डिपस्टिक काढली. मधासारखं जाड तेल, आणि गिअर ऑइलला येतो तो गंधकाचा उग्र वास. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, नव्वद नंबरचं ऑइल भरलेलं. सैल बेअरिंगचा ठोका दाबायला आणि प्रेशर फुगवून दाखवायला हे करतात. जाड तेल पाहिलं की व्हिडिओतला गेज विसरून जा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते. चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. मॅन्युअलप्रमाणे या इंजिनाला १२० ते १३० पीएसआय यायला हवं. आलं असं: पहिला ९५, दुसरा ९०, तिसरा ४०, चौथा ८५. प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं: १२०, ११५, ४५, ११०. ऑइल टाकल्यावर आकडा चढतो तेव्हा रिंगा आणि बोअर गेलेले असतात. चढत नाही तेव्हा दोष व्हॉल्वमध्ये, हेड गॅस्केटमध्ये नाहीतर चिरेत. ब्लॉकमध्ये पाणी भरून ठेवलं, तासाभरात तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर पाणी.

त्याच संध्याकाळी फोन केला. ‘प्रवासात हललं असेल, बोल्टांना टॉर्क परत द्या,’ असं उत्तर. नंतर त्याने माझा फोन नंबर ब्लॉक केला.

खोलताना एक पथ्य पाळलं, तुम्हीही पाळा: साक्षीदार म्हणून लेथवाला शेजारी उभा, मोबाइलवर सलग चित्रण, पहिला पाना लावण्याआधी प्रत्येक नटाचा फोटो. कार्ब्युरेटर काढला. तो आतला बोल्ट गंजून भोकाशी एकजीव झालेला. कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावलेला नव्हता.

हेड उतरल्यावर पिस्टनवरचा कार्बन रॉकेलच्या फडक्याने पुसला. चारही पिस्टनांवर ०४० ठोकलेलं. स्टँडर्ड बोअर ३.१२५ इंच असतो. हा आधीच चाळीस थाऊ खाल्लेला, म्हणजे ३.१६५ आणि वर झीज. वरच्या टोकाला नख अडकेल एवढी पायरी, बोअरचा निमुळतेपणा १२ थाऊ. रिंगा बदलून हे भागत नाही. स्लीव्ह (सिलिंडरात बसवायची नवी नळी) टाकून स्टँडर्डवर आणणं हाच मार्ग, आणि चिरलेल्या ब्लॉकात स्लीव्ह टाकायला चांगला लेथवाला तयार होत नाही.

चीर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व सीटपासून बोअरकडे गेलेली. या ब्लॉकची दुखरी जागा हीच, कारण एक्झॉस्टची सगळी उष्णता ब्लॉकमध्ये, सीटच्या आणि बोअरच्या मधल्या पातळ भिंतीत साठते. पाणी कमी पडलं, टॅपेट घट्ट ठेवले, की तिथेच फाटतं. चिरेत एम-सीलसारखं काहीतरी भरून घासून सपाट केलेलं. बाहेरून पाण्याच्या जॅकेटवरही तोच मसाला, वर रंग. घरच्या घरी तपासायचं तर ब्लॉक कोरडा घासा, रॉकेल फासा, दहा मिनिटांनी पुसा, खडू घासा. चीर असेल तर रॉकेल खडूवर रेघ काढतं. पाच रुपयांचा खडू. व्यापाऱ्याच्या दारात हे करायला जो देत नाही त्याचा ब्लॉक घ्यायचा नाही.

खाली चेंबर उघडल्यावर त्याहून संताप झाला. क्रँकपिन ‘दहा’ नाही, तीस अंडर. बेअरिंगचे शेल मात्र त्या मापाचे नाहीत. फट भरायला शेलच्या पाठीमागे पत्र्याची पट्टी कापून सरकवलेली. ही पट्टी फार काळ टिकत नाही, मग शेल फिरतो, ऑइलचं भोक झाकलं जातं आणि रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो. एफसीमध्ये तो ब्लॉक चालवणाऱ्याच्या मांडीशेजारी असतो. यात पैशांच्या पलीकडचा धोका आहे, आणि नेमकं हेच मी पुढे कोणालाही पटवू शकलो नाही.

आणि नंबर. या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर असतो. तिथला रंग थिनरने पुसला तर खाली ग्राइंडरच्या आडव्या रेघा आणि वर हाताने ठोकलेले, वरखाली झालेले आकडे. कोणतंही जुनं इंजिन घेताना थिनरची बाटली आणि फडकं सोबत न्या, पहिल्यांदा तीच जागा पुसा. तो पुसू देत नसेल तर घरी परत या. असा ब्लॉक गाडीत बसवून आरटीओच्या तपासणीला नेला असता तर चोरीच्या मालाचा जाब मला द्यावा लागला असता.

आता दाद मागण्याचं. १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. उत्तर: तुम्ही स्वत:हून पैसे पाठवलेत आणि माल मिळालाय, हा सायबर गुन्हा नाही. बँकेने आठवड्यात तक्रार बंद केली, तेच कारण. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, नंबर घासलेला आहे, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, गुन्हा कुठेही घडलेला असला तरी ठाण्याला शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. समोरचे म्हणाले, इंजिन जुनं होतं ना? जुनं खराबच असतं. नंबर घासलाय याचं आरटीओचं पत्र आणा. आरटीओत गेलो तर म्हणाले, हे इंजिन कुठल्याच गाडीवर चढलेलं नाही, आम्ही पत्र कशावर देणार? पोलिसांचा अहवाल आणा. पुन्हा ठाण्यात गेलो. चौथ्या फेरीला अर्ज घेतला, पोच मागितल्यावर शिक्का दुसऱ्या टेबलावर, त्या टेबलाचे साहेब जेवायला. दोन महिन्यांनी विचारलं तर म्हणे, तुमची एकट्याचीच तक्रार आहे, दुसरं कोणी आलेलं नाही. घासलेल्या नंबराचा ब्लॉक माझ्या शेडमध्ये पडलाय हे लेखी सांगतोय, आणि तो बघायला एक माणूस येत नाही. कोणी उद्या माझ्यावरच बोट ठेवलं तर मात्र सगळे येतील.

या सगळ्यांनी माझ्याविरुद्ध वापरलेला कागद एकच: व्यापाऱ्याचं बिल. मालाबरोबर आलं, मी ट्रकवाल्याच्या घाईत सही केली. त्यावर लिहिलंय ‘जुनं भंगार इंजिन, जसं आहे तसं’, किंमत २४,००० रुपये. पन्नास हजारांवरच्या मालाच्या वाहतुकीला ई-वे बिल (जीएसटीचा परवाना-कागद) लागतं; २४,००० लिहिलं की ते टळतं आणि फसवणुकीचा दावाही लंगडा होतो. बिलावर ‘रिबिल्ट’ शब्द, बोअरचं माप, क्रँकचं माप आणि इंजिन नंबर नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. बिलाचा फोटो माल चढण्याआधी मागवा. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच हवं.

हीच चलाखी बाकीच्या सुट्या भागांतही चालते. जुन्या जीपचा टी-९० गिअरबॉक्स ‘ओके’ म्हणून मिळतो. दुसरा गिअर टाकून शाफ्टवर भार द्या, उडी मारतो का बघा. स्पायसर १८ ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) मधला शाफ्ट वर्षांप्रमाणे वेगळ्या जाडीचा आला, पाऊण इंच, १ १/८ आणि १ १/४. शाफ्ट एकाचा आणि गिअर दुसऱ्याचा असा संच जोडून विकतात, व्हर्निअर नसेल तर घरी आल्यावर कळतं. ‘नवा जुना स्टॉक’ म्हणून येणारे व्हील सिलिंडर पेटीत नवे दिसतात, आतलं रबर दगड झालेलं असतं. डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंगची किट विकणारे सगळे म्हणतात, कागदाचं आम्ही बघतो. आरसीवरचे तपशील बदलतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, आणि कागदाचं बघणारा त्या दिवशी फोन उचलत नाही.

ज्यांना आधीच फटका बसलाय त्यांच्यासाठी: ग्राहक आयोगात तक्रार तुमच्या स्वत:च्या जिल्ह्यात करता येते, व्यापाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, ई-जागृती पोर्टलवरून भरता येते. मी भरली आहे. सोबत लेथवाल्याचा सहीशिक्क्याचा मापांचा कागद, चित्रण, तिन्ही हप्त्यांच्या पावत्या आणि तो सातवा फोटो जोडलाय. शेल, पत्र्याच्या पट्ट्या, तेलाची बाटली, सगळं चिठ्ठी लावून जपून ठेवलंय. संतापाच्या भरात भंगारात काही टाकू नका.

गेल्या दोन वर्षांत कोणी परराज्यातून हिरव्या रंगाचं ‘रिबिल्ट’ हरिकेन घेतलं असेल तर आज वॉटर पंपाजवळचा उंचवटा थिनरने पुसा. माझ्या ब्लॉकवरचा ४ हा आकडा वरून उघडा आहे, ९ हा ६ चा पंच उलटा धरून ठोकलाय, आणि शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल गेलेत. तुमच्याकडे तेच पंच दिसले तर फोटो काढा, इंजिन खोलू नका आणि मला कळवा. पोलिसांना दुसरा तक्रारदार हवा आहे.