दादाचा फोटो दाखवून पैसे गोळा केले

दादाला जाऊन येत्या जानेवारीत नऊ वर्षं होतील. मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होता, काश्मीरमध्ये घुसखोरांशी झालेल्या चकमकीत गेला. त्याच्या दिवशी आण्णा दरवर्षी गावजेवण घालायचे. आण्णांच्या माघारी आई म्हणाली, "आता पंगत नको. जवानांच्या लेकरांसाठी काहीतरी देऊ." तिनं पेन्शनमधून २५,००० रुपये त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते.

नेमका त्याच सुमाराला तो माणूस दारात आला. पन्नाशीचा, ताठ चालीचा, कोटावर रिबिनी लावलेल्या. आधी दादाच्या फोटोला कडक सॅल्यूट केला, मग आईच्या पाया पडला. "आधी वीरमातेच्या हातचं पाणी पितो, मग बोलतो," म्हणाला. आपण मराठा पलटणीतच रायफलमन होतो, आता जखमी जवान आणि शहिदांच्या मुलांसाठी वसतिगृह बांधतोय, त्यातल्या एका खोलीला दादाचं नाव देणार, असं सांगितलं. दादाचं नाव वेशीजवळच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ते वाचून कुणीही आमचं घर विचारत येऊ शकतो, हे आम्हाला सुचलंच नाही. दादाची कुणाला तरी आठवण आहे, एवढ्यानंच आम्ही दोघी भरून पावलो होतो.

मी क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेच्या जागी एका माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, "ताई, ट्रस्टचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, हे आमच्या खजिनदारांचं." आणि मी पिन टाकला. तिथेच थांबायला हवं होतं.

त्यानं पावती दिली. तिरंगा, उलटी बंदूक, त्यावर शिरस्त्राण, सगळं छापलेलं. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक नाही, पॅन नाही, देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या ८०जी कलमाचा उल्लेख नाही. जाताना म्हणाला, "खोलीत लावायला साहेबांचा गणवेशातला एखादा फोटो द्या." आईनं दादाची काळी ट्रंक उघडली आणि बेळगावच्या ट्रेनिंगनंतर काढलेला फोटो त्याच्या हातात ठेवला. तो फोटो कधी पेपरात आला नव्हता, आमच्याशिवाय कुणाकडे नव्हता.

तीन महिन्यांनी तोच फोटो व्हॉट्सॲपवर आला. ठाण्याच्या मावसबहिणीनं पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "शहिदाची आई मोलमजुरी करते, राहायला घर नाही, मदत करा." आणि क्यूआर कोड. बिचारीनं आधी ५,००० रुपये भरले होते आणि मग फोन करून विचारलं, "अगं, एवढी अडचण होती तर बोलली का नाहीस?" गावातही कुजबुज झाली की आम्हीच वर्गणी गोळा करतोय. पंचवीस हजार गेले त्याचं आई एकदाही बोलली नाही. या कुजबुजीनं मात्र तिनं आठ दिवस देवळात जाणं सोडलं.

शेजारचे सुभेदारकाका सगळं ऐकून हळहळले. "मराठ्यात रायफलमन नसतो गं, शिपाई असतो. रायफलमन गढवाल रायफल्समध्ये, गुरखा पलटणींत. मला नुसती हाक मारायची होतीस." तुमच्या आसपास कुणी माजी सैनिक असेल तर अशा माणसाला त्यांच्यासमोर बसवा. पलटणीतल्या माणसाला पलटणीतल्या माणसाशी खोटं बोलणं जमत नाही.

१९३० या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पण खातं केव्हाच रिकामं झालेलं. पहिल्या काही तासांत फोन गेला तर पैसे वाटेत अडवता येतात, आम्ही तीन महिन्यांनी जागे झालो होतो.

एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सैन्यासाठी देणगी मागणारा एक संदेश सगळीकडे फिरत होता. तो दिशाभूल करणारा आहे, असा खुलासा संरक्षण मंत्रालयाला करावा लागला. माणसाचं मन हललेलं असतं तेव्हाच हे लोक हात पुढे करतात. खरी वाट फार सोपी आहे. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून ७ डिसेंबरला पाळला जातो, पण त्याचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वर्षभर देता येतो. लढताना वीरगती मिळालेल्या किंवा जायबंदी झालेल्या जवानांसाठी सैन्याचा वेगळा निधी आहे, त्यासाठी संरक्षण मंत्रालयानं २०२२मध्ये 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ काढलं. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे दलांसाठी गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' २०१७पासून आहे. तिथे एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा आहे, म्हणजे सगळा ओघ एकाच घराकडे जात नाही. यांतलं एकही खातं कुणा खजिनदाराच्या नावावर नसतं. खासगी संस्थेला द्यायचं असेल तर नोंदणी क्रमांक आणि पॅन मागा, पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यात भरा. खरी संस्था या प्रश्नानं रागावत नाही.

आणि माझ्यासारख्या घरांना एक कळकळीचं सांगणं. गणवेशातला फोटो कुणालाही देऊ नका. द्यायचाच झाला तर त्यावर तारीख आणि कशासाठी दिला ते आडवं लिहून द्या.

या वर्षी आईला घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात गेले. "देणगी कुणाच्या स्मरणार्थ?" असं विचारल्यावर तिनं दादाचा सैनिकी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, सगळं न अडखळता सांगितलं. ती पावती आता ट्रंकेत आहे, फोटोच्या रिकाम्या जागी.

तो फोटो अजून फिरतोय. मागच्या आठवड्यात नांदेडहून एका अनोळखी बाईंचा फोन आला, पैसे पोचले का विचारायला. तरुण जवान, मागे निळा पडदा, खाली क्यूआर कोड, असं काही तुमच्याकडे आलं तर पुढे पाठवू नका. ज्यानं पाठवलं त्याला सांगा की फोटोतल्या जवानाच्या आईला घर आहे आणि तिनं कुणाकडे काही मागितलेलं नाही.