पितृपंधरवड्यात कॅरॅव्हॅनने कोकण: रात्रीसाठी घेऊ नका, दुपारसाठी घ्या

घरातल्या दोन ज्येष्ठांना घेऊन कोकणात जायचं आणि तेही गर्दी टाळून, एवढ्या दोनच अटी होत्या. सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांची दर तासाला लागणारी ‘जाऊन येतो’ची निकड, यामुळे आमचे प्रवास आजवर पेट्रोलपंपांच्या स्वच्छतागृहांप्रमाणे आखले जायचे. म्हणून यंदा पुण्यातल्या एका भाडेवाल्याकडून कॅरॅव्हॅन, म्हणजे आत पलंग आणि न्हाणीघर असलेली गाडी, घेतली. फोर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेली, चार जणांची, सोबत त्यांचाच ड्रायव्हर. दिवसाला पाच आकडी भाडं, डिझेल वेगळं. भाडेवाल्याचं नाव मी देत नाही. काही गोष्टी त्यांनी नीट केल्या, काही सपशेल थापा मारल्या. पण अशा गाड्या भाड्याने देणारे आता बरेच झालेत आणि मला भेटलेल्या अडचणी यातल्या कुणाकडेही भेटतील.

आधी हंगामाचं बोलते. पावसाळ्यात जायचं तर जून-जुलै मला नको होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला आणि घाटांत दरडी. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर काय होतं ते सांगायला नको. अनंत चतुर्दशी झाली की चाकरमानी परततात, नवरात्राची गर्दी अजून लांब असते आणि मधले पंधरा दिवस लोक पितृपक्ष म्हणून कुठे निघत नाहीत. सासूबाईंनी नाक मुरडलं, “पक्षात कसली गं सहल?” पण आजेसासऱ्यांचं श्राद्ध पंचमीला व्यवस्थित करून, वाडी ठेवून, सप्तमीला निघालो. सगळीकडे सामसूम. भात पोटरीला आलेला, दिवसातून दोनचार सरी आणि संध्याकाळी विजा. खोल्यांचे भाव दिवाळीतल्या निम्म्याच्या आसपास. समुद्रात पोहायला मात्र कुणी उतरू नये, ऊन कितीही छान पडलं तरी.

या पंधरवड्याचा आणखी एक फायदा म्हणजे घरात रोजची तिथी सगळ्यांना पाठ असते. कोकणच्या किनाऱ्याने मोठी गाडी घेऊन जायचं तर तिथी माहीत हवीच. हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जाताना तीन खाड्या आडव्या येतात: बागमांडला-वेशवीला सावित्रीची, दाभोळ-धोपाव्याला वाशिष्ठीची आणि तवसाळ-जयगडला शास्त्रीची. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात त्यांच्यावर पूल आहेत, पण ते होईपर्यंत जंगलजेट्टीला, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीला, पर्याय नाही. एरवी चिपळूणसारखे लांबलचक वळसे. जेट्टीत कार सहज चढते. कॅरॅव्हॅनचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच मागे लोंबतं आणि त्याच्याच पोटाला सांडपाण्याच्या टाकीचा नळ असतो. ओहोटीला बोट खाली गेली की धक्क्याचा उतार वाढतो आणि ते शेपूट जमिनीला टेकतं.

तर हिशोब असा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावास्येला सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस असल्यामुळे भरती-ओहोटीत फरकही कमी असतो. अमावास्येच्या उधाणात तो सगळ्यात जास्त. म्हणून मी खाड्या अष्टमी ते एकादशीत बसवल्या आणि शक्यतो सकाळच्या फेऱ्या धरल्या. बागमांडल्याला आणि दाभोळला गाडी लोण्यासारखी आत गेली. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस तेवढा गोंधळला. ही मिनीबस धरायची की टेम्पो? बाहेर येऊन त्याने आत डोकावून पाहिलं, बेसिन बघितलं, ड्रायव्हरमामांना म्हणाला, “ह्याला आमच्याकडं दर नाय हो,” आणि मिनीबसचं तिकीट फाडलं.

तवसाळला मात्र पावसाने हेदवीतच अडकवून ठेवलं आणि आम्ही पोचलो ते ऐन ओहोटीत. जेट्टीवरच्या दोन पोरांनी न सांगता लाकडी फळ्या आणल्या, मागच्या चाकांपुढे उताराला टाकल्या, एकजण पोटावर झोपून नळाकडे बघत “अजून, अजून, येऊ दे” करत राहिला. नळ आणि फरशी यांत दोन बोटांचं अंतर राहिलं असेल. मामांनी उतरून त्या पोरांना चहाला पैसे दिले आणि मला म्हणाले, “ताई, तुमच्या तिथीचं गणित बरोबर हाय, पण पावसाला तिथी नसते.”

आता गाडीचं. आतली जागा फोटोत दिसते त्याहून अरुंद, पण वाईट नाही. दोन समोरासमोरचे सोफे उघडून एक दुहेरी पलंग, ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा, छोटा फ्रीज, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, मागे न्हाणीघर आणि त्यात खुर्चीसारखा कमोड. या एका कमोडसाठी मी भाडेवाल्याला पाचपैकी पाच देईन. ताम्हिणीत धुक्यात गाडी बाजूला घेऊन सासरे शांतपणे आत गेले आणि आले. केळशीच्या वाटेवर तसंच, दापोलीच्या अलीकडेही तसंच. एरवी प्रवासात पाणी प्यायचं टाळणारा माणूस या सहलीत दोनदोन पेले ताक पीत होता.

रात्रीचं म्हणाल तर पैसे फुकट. ‘हवं तिथे थांबा, लाटांच्या आवाजात झोपा’ हे त्यांच्या जाहिरातीतलं वाक्य. कोकणात हवं तिथे थांबता येत नाही. पुळणीवर गाडी न्यायचा विचारही करू नका. हौसेने गेलेल्या गाड्या जेसीबीने ओढून काढाव्या लागतात आणि मामांनी तर वाळू दिसली की आपोआप ब्रेक दाबला. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण आमच्या वाटेवर कॅरॅव्हॅन पार्कची एकही पाटी दिसली नाही. म्हणजे रात्री कुणाच्या तरी अंगणातच गाडी लावायची. ती लावली की वीज लागते. बॅटरीवर एसी रात्रभर चालेल असं फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. प्रत्यक्षात मध्यरात्रीच्या आधीच तो धापा टाकायला लागला. मग जनरेटर. ‘सायलेंट’ म्हणे! आंजर्ल्याला शेजारच्या घरातला कुत्रा रात्रभर त्याच्याशी भांडत होता. एसी बंद करून खिडकी उघडावी तर डास, लावावी तर दमटपणाने चादरी ओलसर. माळ्यावरच्या झडपेतून थेंब थेंब पाणी गळत होतं ते वेगळंच. भाडेवाल्याला फोन केला तर म्हणे, “मॅडम, पावसात थोडंफार चालायचंच.” पावसाळी सहलीला गाडी देऊन वर हे!

त्या रात्रीनंतर आम्ही सरळ घरगुती मुक्कामाच्या खोल्या घेतल्या. पक्षात सगळं रिकामंच, त्यामुळे आयत्या वेळी फोन केला तरी मिळाल्या. फक्त जेवण सकाळीच सांगून ठेवायला लागतं. गिऱ्हाईक नसताना कुणी उगीच चूल पेटवत नाही. गुहागरला ज्यांच्याकडे उतरलो त्या काकांनी सोळा अँपियरचा प्लग दिला, गाडी अंगणात घेऊ दिली, पण आधीच बजावलं, “पाणी हवं तेवढं भरा, पण तुमची ती टाकी आमच्या पोफळीत सोडू नका हां.” रास्त बोलले. मैल्याची टाकी रिकामी करायची सोय वाटेत कुठेही नसते. मुक्कामाच्या घरी विचारून, त्यांच्या सेप्टिक टँकच्या झाकणातून पाइप सोडून ती रिकामी करावी लागते. काहीजण हो म्हणतात, काहीजण नाही, आणि नाही म्हणणाऱ्यावर रागावता येत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताना तो पाइप किती लांब आहे ते बघा. आमचा आखूड होता. मामांनी दापोलीच्या बाजारातून दुसरा आणला.

अरुंद वाटांचंही सांगायला हवं. केळशी, आंजर्ले, गुहागर या गावांच्या आतल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आणि वर आंबा-फणसाच्या फांद्या. एसीमुळे गाडीची उंची भलतीच वाढते. आंजर्ल्यात एका वळणावर केबलवाल्याची वायर इतकी खाली आली होती की मामांनी मागच्या शिडीवरून टपावर चढून, बांबूच्या टोकाने ती उचलून धरली. गाडी माझ्या नवऱ्याने पुढे घेतली, इंच इंच, आणि समोरच्या ओटीवर वाती वळत बसलेल्या आजी अजिबात न हलता म्हणाल्या, “डावीकडे घे रे, माझी जास्वंद मोडशील.” कड्यावरच्या गणपतीचा चढ मामांनी नाकारला. आम्ही रिक्षा केली. असा नाही म्हणणारा ड्रायव्हर मिळाला तर त्याचं ऐकावं.

मासे गाडीत तळू नका, एवढंच सांगते. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावातून नवऱ्याने हलवा घ्यायचा म्हटलं. सासरे पंधरवडा पाळणारे, त्यांच्या नाकापुढे बंद खोक्यात हलवा तळला असता तर सहल तिथेच संपली असती. तो बाहेर खानावळीत जेवून आला आणि बडीशेप खाऊन गाडीत चढला. इंडक्शनवर चहा, मऊभात, मेतकूट, फार तर थालीपीठ.

या गाडीने पैसे वसूल केले ते दुपारी. जेवणं झाली की म्हाताऱ्या माणसांना आडवं व्हायचं असतं आणि प्रवासात नेमकी तीच वेळ मोडते. एका खोलीतून अकराला बाहेर काढतात, दुसरी दोनच्या आधी देत नाहीत. मधले तास माणूस देवळाच्या ओसरीवर नाहीतर कारच्या सीटवर मान वाकडी करून काढतो. आम्ही वेळणेश्वरच्या पुढे एका कातळसड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, रस्त्याकडेला पक्की जागा बघून गाडी लावली. सडा तेरड्याने गुलाबी झालेला, ओल्या खोलगटांत सीतेच्या आसवांची जांभळी नक्षी, आणि लांब खाली करडा समुद्र. सासूसासरे मागे पलंगावर घोरत होते, टपावर पाऊस वाजत होता, मी सोफ्यावर पाय पसरून आल्याचा चहा घेत होते. तासाभराने पाऊस उघडला तेव्हा सासूबाई उठून पायरीवर बसल्या आणि हात पुरेल तिथला तेरडा न्याहाळत राहिल्या. गुडघ्यांमुळे एरवी त्या सड्यावर उतरल्याच नसत्या. आरे-वारेच्या वरच्या वळणावरही अशीच दुपार मिळाली, फक्त तिथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी येऊन काचेतून आत बघायचं आणि “काय भाडं पडतं?” विचारायचं.

एसीची तिथे गरजही लागली नाही. पावसाळी वारा, दोन खिडक्या आणि छताचा पंखा पुरला. म्हणजे बॅटरीवर जे चालायला हवं ते दिवसा व्यवस्थित चालतं. माझं ऐकाल तर रात्रीचं गणित सोडा, खोली घ्या, ड्रायव्हरसाठीही एक सांगा. ते गाडीत झोपतील असं भाडेवाले गृहीत धरतात आणि दुसऱ्या दिवशी घाट त्यांनाच चढायचा असतो. माळा-बिळा असलेली मोठी गाडी नको, त्याहून लहान, कमोड आणि एक पलंग असलेली मिळाली तर ती घ्या. गल्लीत मावेल, जेट्टीत टेकणार नाही. तरुण जोडप्यांना, धडधाकट मित्रांना याची मुळीच गरज नाही. त्यांनी कार न्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगलं जेवावं. पण घरात गुडघे, मधुमेह, प्रोस्टेट यांपैकी काहीही असेल तर भाड्याचा आकडा बघून लगेच फोन ठेवू नका.

आंबा घाटाने मलकापूर, कराड करत परत आलो. अनामत परत देताना भाडेवाल्याने टपावरच्या फांदीच्या ओरखड्याचे आणि ‘डीप क्लीनिंग’चे पैसे कापायला काढले. मी गळणाऱ्या झडपेचा व्हिडिओ आधीच पाठवून ठेवला होता आणि निघताना टपाचे फोटोही मामांच्या साक्षीने काढले होते. जुने ओरखडे त्यात स्पष्ट दिसत होते. दोन दिवस घासाघीस झाल्यावर सफाईचे तेवढे कापून बाकीचे परत आले. नव्या पाइपचे पैसे मामांना अजून मिळायचेत. रोज विचारते आहे.