जात्यावरच्या ओव्यांचा खुला संग्रह: एका श्रोत्याचा अभिप्राय

'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावरील जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मी गेले काही महिने नियमितपणे ऐकत आहे, आणि मराठी बाईच्या मनाचा इतका मोठा ठेवा विनामूल्य खुला असावा, याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासक-कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या यात आहेत. संगीत-संशोधक बर्नार्ड बेल यांच्या सहभागामुळे त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले.

संग्रहाचे खरे मोल मांडणीत आहे. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, जात आणि व्यवसाय यांचीही नोंद असते, त्यामुळे लोकगीत म्हटले की कवयित्री निनावीच राहायची, ही जुनी रीत येथे मोडते. पहाटेच्या अंधारात, घरातले सारे निजलेले असताना, माहेर, भाऊ, विठ्ठल आणि सासुरवास यांविषयी जे केवळ जात्यापाशी बोलता येत होते, ते येथे त्याच आवाजात ऐकू येते. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या तर अवश्य ऐकाव्यात. देवाच्या ओवीतली सारी माया त्यांत उतरली आहे.

नुसते शब्द वाचून मात्र थांबू नये. कागदावर एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी गळ्यातून येताना लांबतात, शब्द पुन्हा घोळवले जातात, मध्येच 'गं बाई' येते आणि दळणाची लय तेव्हा कोठे कळते.