उघडून दुरुस्त केलेला सेल्फचा सोलेनॉइड: आठ महिन्यांनंतर

गाडी आण्णांची, १९७२ ची अँबेसिडर मार्क टू, १४८९ सीसी पेट्रोल. दसऱ्याच्या आधी तिचा जुना सोलेनॉइड (सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, करंट जोडून देणारा स्विच) उघडून दुरुस्त केला, त्याला आता आठ महिने झाले. या काळात एकदाही धक्का मारावा लागला नाही. त्याआधीच्या वर्षात सांगलीच्या गावभागातल्या अर्ध्या पोरांनी आमची गाडी ढकलली होती.

दुखणं असं होतं : चावी फिरवली की 'टक' आणि पुढं शांतता. चारपाच वेळा टकटक केल्यावर कधी सेल्फ घ्यायची, तीही रडतखडत. सगळ्यांनी बॅटरीकडं बोट दाखवलं, म्हणून वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. ते पैसे पाण्यात गेले.

मग बाजारातून नवा सोलेनॉइड आणला, साडेचारशे रुपयांचा, हातात घेतला तर हलकाफुल्ल. दोन महिने झकास चालला. तिसऱ्या महिन्यात विश्रामबागेत गाडी चालू केली, चावी सोडली, तरी सेल्फ फिरतोच आहे! चावी काढून घेतली तरी थांबेना. आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. पाना शोधून बॅटरीचं टर्मिनल काढेपर्यंत जळका वास सुटला. दुकानदार म्हणाला, "इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते." बरं.

शेवटी मिरजेच्या मेकॅनिक चाचांकडं गेलो. त्यांनी आधी मीटर काढला, हे मला आवडलं. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४, पण सेल्फच्या टर्मिनलवर ८.७ च. मधले १.७ व्होल्ट कुठं गेले? तर १.३ एकट्या सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये, उरलेले केबल आणि अर्थिंगच्या (बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या) पट्टीत. "भाऊ, बॅटरी ठणठणीत आहे, वाटेत चोर बसलाय. आणि हा चायना माल फेका, जुना आहे का घरात?" जुना होता. आण्णा काही टाकून देत नाहीत, ते एकदाचं कामाला आलं.

ज्यांनी तो डबा उघडलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत तारेची कॉइल असते. चावीचा बारीक करंट तिच्यात गेला की लोखंडी प्लंजर ओढला जातो आणि त्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांच्या डोक्यांवर आदळते. सेल्फचा दीड-दोनशे अँपिअर करंट त्या चकतीतून जातो. दर वेळी तिथं ठिणगी पडते, तांबं जळतं, खड्डे पडतात. 'टक' ऐकू येतं ते प्लंजरचं. तो आपलं काम करतो, पण जळक्या चकतीतून करंटच पुढं जात नाही.

चाचांनी कडा उचकटून झाकण काढलं तर आत काय, कृष्णामाईचा गाळ! २०१९ च्या पुरात गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिन दोनदा खोललं, वायरिंग बदललं, पण या डबीकडं कुणीच बघितलं नव्हतं. गाळ सुकून प्लंजरवर बसलेला, चकती एका बाजूनं काळीठिक्कर. दुसरी बाजू मात्र कोरी. चाचांनी चकती उलटी बसवली, बोल्टांची डोकी कानशीनं सपाट केली, प्लंजर पॉलिश पेपरनं घासून कोरडाच ठेवला (तेल लावलं की धूळ धरतं म्हणे), नवा स्प्रिंग टाकला, कडा परत ठोकून सिलिकॉन लावलं. अर्थिंगची पट्टी काढून बॉडीवरचा रंग खरवडला. परत मोजलं तर दोन बोल्टांमध्ये ०.१५ व्होल्ट.

माझी एक चूक सांगून ठेवतो. घरी बसवताना केबलचा नट जोरात आवळला आणि बोल्टच फिरला. आतली जोडणी पिळवटली आणि पुन्हा मिरजेची फेरी झाली. चाचा काही बोलले नाहीत, नुसते बघितले. आतला नट दुसऱ्या पान्यानं धरूनच बाहेरचा आवळायचा. आणि हात घालायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं.

जानेवारीच्या थंडीत, पहाटे, चोक ओढून पहिल्याच झटक्याला सुरू. मेमध्ये भर दुपारी इंजिन तापलेलं असतानाही. तक्रार एवढीच की सोलेनॉइडवरचं रबरी बटण फाटलेलं आहे आणि तसलं नवं मिळालं नाही. चावीला बगल देऊन बॉनेटखालूनच सेल्फ मारायला ते फार उपयोगी पडायचं. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधलाय. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसानंतर एकदा नुसतं 'टक' झालं, दुसऱ्यांदा घेतलं. काळजाचा ठोका चुकला, पण मीटरवर अजून ०.२ च दाखवतंय. विश्रामबागेच्या धसक्यानं बॅटरीला कट-ऑफ स्विच लावलाय तो वेगळाच.

चकतीला दोनच बाजू, त्यातली दुसरी आता वापरात आहे. चाचांनी तांब्याच्या जाड पत्र्याचा एक तुकडा आमच्या नावानं डब्यात टाकून ठेवलाय.