दिवसाला चार टोचण्या: बेसल-बोलस इन्सुलिनचा माझा अनुभव

मला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे माझं शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही. आधी मी सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन (जलद आणि सावकाश काम करणारं एकत्र) घ्यायचे. जेवायला उशीर झाला की शुगर खाली यायची, आणि घाईत जास्त खाल्लं की वर जायची. मग डॉक्टरांनी बेसल-बोलस सुरू केलं. रात्री एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद इन्सुलिन, तेही त्या वेळची शुगर बघून आणि ताटातले कार्ब (पिष्ट आणि साखर) मोजून. आता मला भूक लागेल तेव्हा जेवता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हे उपचार सोडणार नाही.

खरा फायदा डोळ्यांना, मूत्रपिंडाला आणि नसांना होतो. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १४४१ रुग्णांवर डीसीसीटी हा अभ्यास झाला. असे काटेकोर उपचार घेणाऱ्यांची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) सात टक्क्यांच्या आसपास राहिली, बाकीच्यांची नऊच्या. डोळ्याच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका काटेकोर उपचारवाल्यांत ७६ टक्क्यांनी घटला. पण शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही जवळपास तिप्पट झाले आणि वजनही वाढलं.

ते 'लो' होणं काय असतं, हे मी अनुभवलंय. मध्यरात्री जाग येते तेव्हा गाऊन घामाने चिंब असतो, आणि हात इतका थरथरतो की पट्टी मीटरच्या खाचेत जात नाही. आकडा सत्तरच्या खाली दिसला की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उशाशी ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. शुगर वारंवार लो झाली तर शरीर इशारे देणंच कमी करतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म लावल्यापासून मी आणि नवरा दोघंही शांत झोपतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं तातडीचं औषध) द्यायचं, हे त्याला नीट शिकवून ठेवलंय.

माझ्यासारख्या टाइप १ वाल्यांना मी हे उपचार मनापासून सुचवेन. पण वयस्कर, हृदयविकार असलेल्या टाइप २ च्या रुग्णांनी माझे उपचार बघून तेवढंच काटेकोर लक्ष्य धरू नये. अकॉर्ड अभ्यासात टाइप २ च्या रुग्णांची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. आपल्यासाठी किती आकडा योग्य, हे डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.