रंग धरलेला चांदीचा रुपया: खिडकीचा उजेड, दोन दिवे की तिरपी काच?

माझ्याकडे पंचम जॉर्जचा १९१२चा एक रुपया आहे. कितीतरी वर्षं कागदी पाकिटात पडून होता. मधोमध अजून पांढरी चांदी आहे, बाहेर जाताना सोनेरी, मग जांभळट तांबडा आणि अगदी कडेला मोरपंखी निळा. टेबलावर आडवा ठेवला तर हे काहीच दिसत नाही, नुसतं राखाडी नाणं दिसतं. चिमटीत धरून दिव्याखाली जरासा कलवला की रंग उजळतो, आणखी कलवला की गेला. अशा नाण्याचा फोटो कसा काढायचा हे ठरवताना सगळी अडचण या कलण्यात आहे.

हा रंग हवेतल्या किंवा कागदातल्या गंधकामुळे चांदीवर चढलेल्या सिल्व्हर सल्फाइडच्या अतिशय पातळ थराचा. थराच्या वरून आणि तळातून परत फिरलेला उजेड एकमेकांत मिसळतो, त्यात काही रंग मारले जातात आणि काही उठून दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग रंगीत दिसतो, त्यातली ही गोष्ट. म्हणून उजेड आरशासारखा नाण्यावरून थेट लेन्समध्ये आला तरच रंग पकडता येतो.

स्कॅनर आधीच बाजूला ठेवा. त्याचा उजेड तिरका पडतो, त्यामुळे निळं नाणंसुद्धा तपकिरी-काळं होऊन येतं.

खिडकीचा उजेड फुकटचा, मऊ आणि डोळ्यांना बरा. पण तो एका जागेतून न येता पसरून येतो, त्यामुळे रंग फिका पडतो आणि नाणं फिरवताना जी झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी धावते ती मरते. बारीक कामही विरघळतं. १९११च्या रुपयावर बादशहाच्या पदकमाळेतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली होती आणि १९१२पासून त्याची सोंड सुधारली. खिडकीत काढलेल्या माझ्या फोटोंत हे दोन हत्ती वेगळे ओळखू येत नाहीत. शिवाय नागपुरात मार्च संपता संपता खिडकीत कूलर बसतो, मग जून-जुलैपर्यंत ती खिडकी आपली नसतेच. समोरच्या भिंतीचा रंगही नाण्यात उतरतो. पिस्ता रंगाच्या खोलीत काढलेले माझे पहिले फोटो सगळे हिरवट आले होते. मात्र नागपूरकर भोसल्यांच्या जाडजूड, झिजलेल्या रुपयावर ना झळाळी असते ना रंग, असतो तो फारसी मजकूर. त्याला एका बाजूने येणारा खिडकीचा उजेडच चांगला.

दोन दिव्यांची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. नाणं आडवं ठेवायचं, कॅमेरा बरोबर वर, आणि घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी एकेक छोटा एलईडी दिवा. दिवे लेन्सला जवळजवळ चिकटून, जितके उंच बसतील तितके. इथेच फोनवाले अडकतात. मुख्य लेन्सने फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते. दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स असेल तर ती वापरा आणि फोन वीतभर तरी वर घ्या. कॅमेरा असेल तर १०० मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो (जवळून फोटो काढायची) लेन्स हवी, कारण दिव्यांना शिरायला जागा लागते. मग एक दिवा दोन बोटं सरकवा आणि स्क्रीनकडे पाहत राहा. कडेचा निळा एकदम जागा होईल, झळाळीचे आरे दिसतील, हत्तीची सोंडही. हे जमायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

तिसरी पद्धत तिरप्या काचेची. लेन्स आणि नाण्याच्या मध्ये फोटोफ्रेमची पातळ काच ४५ अंशांत धरायची, दिवा बाजूने, आणि दिव्याच्या समोरच्या बाजूला काळं कापड. काचेवरून उजेड सरळ खाली नाण्यावर पडतो आणि तसाच वर लेन्समध्ये येतो. त्यामुळे सगळे रंग एकाच वेळी, भरभरून येतात. साध्या काचेवरून उजेडाचा जेमतेम दहावा हिस्सा खाली वळतो, त्यामुळे स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर लागतोच. प्लास्टिकच्या सीलबंद डबीतल्या नाण्यावर ही पद्धत चालत नाही, डबीच चकाकते. आणि झळाळी सपाट होते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. असा फोटो जे दाखवतो ते हातात घेतलेल्या नाण्यात एकदम कधीच दिसत नाही. एकदा मी फोटो पाहून ऑनलाइन एक राणीछाप रुपया घेतला. फोटोत तो मोराच्या मानेसारखा होता. पाकीट उघडलं तर काळसर नाणं. बराच वेळ फिरवल्यावर एका कोनात तो निळा सापडला, नखाएवढा. विकणाऱ्याने रंग वाढवला नव्हता बहुधा, पण मी पैसे त्या फोटोतल्या नाण्याचे मोजले होते.

म्हणून विकायला फोटो काढत असाल तर दोन दिवेच घ्या. स्वतःच्या संग्रहाच्या नोंदीसाठी काचेचा फोटो जरूर काढा, तो सुंदर येतो.

दिवे कुठलेही असोत, खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. एलईडी ९५च्या वर सीआरआयचा घ्या (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं हे १००पैकी माप). फोन व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला मानायचा ते) आपोआप ठरवतो तेव्हा निळ्या नाण्याला पिवळट करून टाकतो, म्हणून आधी त्याच उजेडात राखाडी कार्ड ठेवून तो पक्का करा. सराफाकडचं लाल मखमली कापड खाली नको, त्याची लाली कडेवर चढते. राखाडी कागद पुरे. रंग गडद करणाऱ्या सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावू नका. आणि नागपूरच्या इतवारी बाजारात कोणी “घासून चकचकीत करून देऊ का?” म्हणालं तर नाणं परत खिशात घाला. घासलं की तो थर गेला, मग फोटो कशाचा काढणार?

आता मी कुणालाही नाणं दाखवताना दोन फोटो पाठवतो. एक दिवे जुळवून रंगासकट, दुसरा त्याच नाण्याचा, टेबलावर आडवं पडलेलं असताना, राखाडी.