दुसऱ्या कंपनीच्या फोनवर स्मार्टवॉच: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

घड्याळ एका कंपनीचं आणि फोन दुसऱ्या कंपनीचा, अशी जोडी मी बरेच महिने वापरतोय. दोन्ही अँड्रॉइडवाले, म्हणून घेताना सगळे म्हणाले, 'चालेल की.' चालतंही. पण किती चालतं आणि कुठे अडतं, हे पहिल्या आठवड्यातल्या रिव्ह्यूंमध्ये कुणी नीट सांगत नाही. कारण ते रिव्ह्यू बहुतेक वेळा त्याच कंपनीचा फोन हातात धरून केलेले असतात. घड्याळाच्या कंपनीचं नाव इथे मुद्दाम टाळतोय. थोड्याफार फरकाने हीच गत बऱ्याच मोठ्या कंपन्यांची आहे.

आधी चांगलं. स्क्रीन भर उन्हात वाचता येते, व्हायब्रेशन झोपेतून उठवेल इतकं नेमकं आहे, बॅटरी रोज चार्ज करायची तयारी असेल तर पुरते. घड्याळ म्हणून तक्रार नाही.

तक्रार फोनपासून सुरू होते. त्याच कंपनीच्या फोनवर लागणारी बरीचशी अ‍ॅप आधीपासूनच असतात. माझ्याकडे जोडणीचं एक अ‍ॅप, त्यासोबत एक प्लगइन म्हणजे त्याला जोडणारं छोटं पूरक अ‍ॅप, आरोग्याचं तिसरं अ‍ॅप, आणि प्रत्येकाच्या परवानग्यांची वेगळी रांग. एवढं करून फोनचा बॅटरी सेव्हर यातलं एखादं अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो आणि नोटिफिकेशन यायची थांबतात. सेटिंगमध्ये जाऊन तिन्हींना 'अनरिस्ट्रिक्टेड', म्हणजे बॅटरी सेव्हरच्या बंधनातून मोकळं केलं तेव्हा हा त्रास गेला. फोन आणि घड्याळ यांचं 'डू नॉट डिस्टर्ब' एकत्र चालू-बंद होणं, घड्याळावरून फोनचा कॅमेरा चालवणं, अलार्म दोन्हीकडे एकसारखे राहणं, या गोष्टी माझ्या फोनवर नाहीतच. त्यांच्यावाचून माझं फारसं अडलं नाही.

ईसीजीचं मात्र खटकतं. सेन्सर घड्याळात आहे, बटणावर बोट ठेवायची सोय आहे, मेनूत आयकॉनही आहे. तो दाबला की घड्याळ सांगतं, फोनवर अमुक अ‍ॅप उघडा. फोनच्या स्टोअरमध्ये तेच अ‍ॅप शोधलं की उत्तर येतं: हे अ‍ॅप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात, तारांकित तळटीपेत, हे लिहिलेलं आहे, त्यामुळे कायद्याने कंपनी सुटते. पण सेन्सरचे पैसे मी भरलेत. घर विकत घ्यावं आणि एका खोलीला आधीच्या मालकाचं कुलूप तसंच राहावं, असा हा व्यवहार आहे.

कंपनीच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. ईसीजी हे वैद्यकीय साधन म्हणून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि जगातल्या प्रत्येक फोनवर त्याची चाचणी करणं सोपं नाही. हा मुद्दा मला मान्य आहे. पण हृदयाचे विद्युत संकेत मोजायचं काम घड्याळ करतं, फोनकडे मुख्यतः ते दाखवायचं आणि साठवायचं काम उरतं. काही हौशी लोकांनी अ‍ॅपमध्ये फेरफार करून ते इतर फोनवर चालवून दाखवलंय. तब्येतीच्या बाबतीत असलं जुगाडू अ‍ॅप वापरायची माझी तयारी नाही. पण अडथळा हार्डवेअरचा नाही, एवढं त्यातून कळतं.

आयफोनवाल्यांनी यावर हसू नये, त्यांची अडचण याहून मोठी आहे. आयफोनला दुसऱ्या कंपनीचं घड्याळ जोडलं तर मेसेज दिसतो, पण घड्याळावरून आयमेसेजला, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या मेसेज सेवेला, उत्तर देता येत नाही. अ‍ॅपल वॉचला ते जमतं. उलट बाजूने पाहिलं तर अ‍ॅपल वॉच अँड्रॉइडला जोडताच येत नाही. तांत्रिक मर्यादांमुळे तो विचार सोडला, असं अ‍ॅपलचं म्हणणं आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलवर जो मक्तेदारीचा दावा लावला, त्यात स्मार्टवॉचचा मुद्दा स्वतंत्रपणे आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने इतर कंपन्यांच्या घड्याळांना आयफोनच्या नोटिफिकेशनसारख्या सोयी खुल्या करायचा आदेश दिला. अ‍ॅपल त्याविरुद्ध न्यायालयात गेली, कारण म्हणून वापरकर्त्यांची प्रायव्हसी पुढे केली. हा आदेश युरोपीय संघापुरताच, बाकीच्यांनी वाट बघायची.

प्रायव्हसीचं कारण अगदी खोटं नाही. घड्याळावर सगळे मेसेज जातात म्हटल्यावर कुणीतरी पहारा ठेवायलाच हवा. पण एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर केलेल्या खटल्यात २०२१ मध्ये अ‍ॅपलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले, त्यात वेगळाच सूर होता. अँड्रॉइडवर आयमेसेज आणायची चर्चा २०१३ मध्येच झाली होती, आणि विरोधात दिलेलं कारण असं, की त्यामुळे आयफोनवाल्या घरांमध्ये मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देणं सोपं होईल. हे वाचल्यापासून कुठल्याही कंपनीने 'तांत्रिक मर्यादा' म्हटलं की मी आधी फायदा कुणाचा ते बघतो.

गूगललाही यातून सोडायचं कारण नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज फोनसाठी बनवलेलं यूट्यूब अ‍ॅप त्यांनी बंद पाडलं. पुढे अ‍ॅमेझॉन आणि गूगल यांचं भांडण झालं. अ‍ॅमेझॉनने क्रोमकास्ट, म्हणजे गूगलचं टीव्हीला लावायचं उपकरण, विकणं थांबवलं, गूगलने फायर टीव्ही या अ‍ॅमेझॉनच्या टीव्ही स्टिकवरून यूट्यूब काढून घेतलं, आणि २०१९ मध्ये तडजोड झाल्यावर ते परत आलं. मधल्या काळात ज्यांनी टीव्ही स्टिक घेतली, त्यांच्या स्टिकमध्ये काहीच बिघडलं नव्हतं.

आता जे मला सुरुवातीला अजिबात सुचलं नव्हतं ते. न मिळणाऱ्या सोयींची सवय होते. खरी पकड साठत जाणाऱ्या माहितीची आहे. झोप, नाडी, व्यायाम, सगळं त्या एका अ‍ॅपमध्ये. हेल्थ कनेक्ट, म्हणजे अ‍ॅपमध्ये आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करायची गूगलची सोय, अँड्रॉइड १४ पासून सिस्टिममध्येच आहे, त्यातून पावलं, हृदयाचे ठोके, झोपेच्या वेळा दुसऱ्या अ‍ॅपकडे जातात. पण कंपनी स्वतःच्या हिशेबाने जे गुण देते, झोपेचा स्कोअर वगैरे, ते जात नाहीत. सगळा डेटा डाउनलोड करता येतो, पण हातात येते ती फायलींनी भरलेली झिप. ती दुसऱ्या कुठल्या अ‍ॅपमध्ये सरळ टाकता येत नाही. फोन बदलायचा विचार सुरू केला तेव्हा मी नकळत याच कंपनीचे फोन आधी बघत होतो. ईसीजीच्या कुलपाने मला चिडवलं होतं, पण तिकडे ढकललं झोप आणि नाडीच्या साठलेल्या आलेखांनी.

तरी घड्याळ ठेवलंय, हेल्थ कनेक्टमधून दुसऱ्या एका अ‍ॅपमध्येही नोंदी जाऊ देतो, आणि झोपेच्या स्कोअरकडे बघणं कमी केलंय. पाच पैकी साडेतीन. त्याच कंपनीचा फोन असेल तर साडेचार द्यायला हरकत नाही.

घ्यायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी आपल्याच फोनच्या स्टोअरमध्ये त्या घड्याळाची सगळी अ‍ॅप एकेक करून शोधा. ज्या अ‍ॅपपुढे 'सुसंगत नाही' येईल, त्याची सोय घड्याळात नाहीच असं धरा आणि उरलेल्यासाठी ती किंमत पटते का ते बघा.